अजून एक फेरी

आमच्या घराची बेल गेले कित्येक महिने बंद आहे. सासऱ्यांनी तिची वायरच उपटून टाकली. दाराच्या बिजागऱ्यांना सासूबाई आठवणीने तेल घालतात, कपाटांच्या दारांना आतून कापसाचे बोळे चिकटवलेत, आणि सासऱ्यांना शिंक आली की ते नाक दाबून जिन्याकडे पळतात, खालच्या मजल्यावर जाऊन शिंकतात आणि परत येतात. आम्ही चौघं एकमेकांशी कुजबुजत बोलतो. घरी कोणी नवीन माणूस आलं की त्याला वाटतं, आत कोणीतरी अगदी शेवटच्या घटका मोजतंय. आत टिमकी झोपलेली असते.

टिमकी म्हणजे माझी लेक. तिला दुसरं नाव आहे, चांगलं आहे, पण जन्मल्याबरोबर तिने जो सूर लावला तो ऐकून सासरे म्हणाले, "ही टिमकी काही वाजायची थांबत नाही," आणि तेच चिकटलं. ती झोपत नाही. झोपलीच तर दोन अटींवर. एक, तिच्या खालचं काहीतरी हलत पाहिजे, मग तो पाळणा असो, मांडी असो नाहीतर गाडी. दोन, माझी करंगळी तिच्या मुठीत पाहिजे. करंगळी काढली की डोळे टक्क उघडतात आणि मग तास-दोन तास कोणाचं काही चालत नाही. म्हणून घरात एकच कायदा आहे: झोपलेल्या टिमकीला उठवायचं नाही. सासूबाईंनी केला, सगळ्यांनी मान्य केला. मीसुद्धा. पहिल्या काही आठवड्यांत तर मी त्या कायद्याच्या पायाच पडले असते.

या मोठ्या शहरात सुट्टीला यायचं ही कल्पना नवऱ्याची. पण शहर मी निवडलं, आणि ते का, हे त्याला माहीत होतं.

लग्नाआधीपासून मी रंगीत काचेच्या कारखान्यात काम करत होते. कारखाना म्हणजे फार मोठं काही नाही. एक लांब खोली, दोन टेबलं, भिंतीला उभ्या टेकवलेल्या काचा, आणि मास्तर. जुन्या इमारतींच्या रंगीत खिडक्या फुटल्या की त्यातले तुकडे नव्याने कापून, शिशाच्या पट्ट्यांत बसवून द्यायचे. या शहरातल्या जुन्या ग्रंथालयाच्या घुमटावर गारा पडून त्याची एक बाजू फुटली, तेव्हा ते काम आमच्याकडे आलं. माझ्या वाट्याला एक पक्षी आला. हिरवा, वेलीवर बसलेला, थाळीएवढा.

तेव्हा टिमकी पोटात होती. टेबलापासून जरा लांबच उभं राहावं लागायचं, नाहीतर पोट कडेला टेकायचं. पक्ष्याची मान कापत होते, अगदी श्वास धरून, आणि नेमकी त्याच वेळी हिने आतून अशी लाथ मारली की माझ्या हातातला हिरा सरकला. काच कापायच्या हत्याराला आम्ही हिराच म्हणतो. मान जायची सरळ, ती जरा मागे वळली. त्या हिरव्या रंगाची तेवढीच काच उरली होती. मास्तरांनी तुकडा उजेडावर धरला, मग माझ्या पोटाकडे बघितलं. म्हणाले, "दोघींनी मिळून केलंय म्हणायचं. बसव असाच. वळून बघू दे त्याला. वर चढून जाब विचारायला कोण जातंय?"

काच घुमटात बसली त्या दिवसांत मी दवाखान्यात होते. मास्तर टिमकीला बघायला आले तेव्हा निघताना दारात थांबून म्हणाले, "बसला गं तुझा पक्षी. एकदा जाऊन बघून ये. टेबलावर असते ती काच नाही पोरी, नुसता माल असतो."

माझ्या टेबलापाशी आता दुसरी मुलगी उभी राहते. माझा हिरा तिच्याकडे आहे. मी परत कधी जाणार हे मला कोणी विचारत नाही, आणि मीही स्वतःला विचारायचं सोडून दिलं होतं. पण एकदा तो पक्षी वर उजेडात बघितला की काहीतरी कळेल, असं आपलं मनात होतं. काय कळेल, ते विचारलं असतंत तर मला सांगता आलं नसतं.

तर ग्रंथालय शेवटच्या दिवसासाठी ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीची गाडी. नवऱ्याने दिवसभरासाठी एक पांढरी मोटार भाड्याने आणली, तिच्यात मागे बाळाची खुर्ची बांधली आणि आम्हाला कार्यक्रम सांगितला: सकाळी मनोरा, मग संग्रहालय, दुपारी जेवण, मग नदीवरचा जुना पूल, आणि चार वाजता ग्रंथालय. ग्रंथालय पाचला बंद होतं.

"तासभर आहे तुला," तो म्हणाला. "मान मोडेपर्यंत वर बघ."

मनोऱ्याच्या पायथ्याशी पोचेपर्यंत टिमकी झोपली होती. नवऱ्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं मात्र, तिच्या भुवया हलल्या. आम्ही चौघंही जागच्या जागी थिजलो.

"चालू कर, चालू कर," सासूबाई नुसते ओठ हलवत म्हणाल्या.

त्याने चालू केली. भुवया खाली आल्या.

"असं करा," तो आरशातून कुजबुजला, "आई, बाबा, तुम्ही दोघं जाऊन या वर. आम्ही एक फेरी मारून येतो."

"आणि ती?" सासऱ्यांनी माझ्याकडे हनुवटी केली.

मी माझी करंगळी दाखवली. ती टिमकीच्या मुठीत होती.

"अडकली बिचारी," ते म्हणाले, आणि दोघं चालत्या गाडीतून उतरल्यासारखे, वेग जरासा कमी झाला तेव्हा, दार न वाजवता उतरले.

मनोरा मी बघितला. म्हणजे त्याचा पायथा बघितला, चारही बाजूंनी, पुन्हा पुन्हा. तिकिटाची रांग बघितली. रांगेतला एक माणूस हळूहळू पुढे सरकत दारापर्यंत गेला, तो आता जुना ओळखीचा वाटायला लागला होता. वर काय होतं ते सासऱ्यांकडून कळलं.

"काय वारा होता!" गाडीत बसल्या बसल्या ते म्हणाले. "हिचे केस असे उडत होते. मी म्हटलं, धरू का?"

"इश्श, काहीतरीच," सासूबाई म्हणाल्या. "लिफ्ट मात्र स्वच्छ ठेवलीय हो. आरसासुद्धा पुसलेला."

"शहर कसं दिसतं वरून?" मी विचारलं.

"मोठं," सासरे म्हणाले.

संग्रहालयाच्या वेळी तेच झालं. सासू-सासरे आत जाऊन आले, एकमेकांच्या हाताला धरून पायऱ्या उतरताना मला काचेतून दिसले. लग्नानंतर इतक्या वर्षांनी जोडीने फिरायचा योग त्यांना आज आला होता, तो आमच्या टिमकीमुळे. एका दगडी सिंहाचा पंजा तुटलेला होता आणि सासरे त्याबद्दल फार हळहळत होते. सासूबाईंच्या हातात एक छापील पत्रक होतं, त्याने त्या वारा घेत होत्या.

"तुझी खरी मजा आहे बघ," त्या मला म्हणाल्या. "बसल्या जागी अख्खं शहर. आमच्या गुडघ्यांना विचार."

त्या मनापासून बोलत होत्या. हेच तर अवघड होतं. कोणीही माझ्याशी वाईट वागत नव्हतं. नवरा खड्डा दिसला की गाडी अशी हळुवार काढायचा, जसं काही पाण्याने काठोकाठ भरलेलं भांडं नेतोय. सासूबाईंनी माझ्या पाठीमागे आपली शाल गुंडाळून लावली होती. सासरे थोड्या थोड्या वेळाने वळून पाण्याची बाटली पुढे करायचे. माझा उजवा हात बाळाच्या खुर्चीकडे वळलेला, करंगळी मुठीत, पाय पिशव्यांच्या मध्ये, आणि सगळे मला विचारत होते, "ठीक आहेस ना?" ठीकच होते. नाही म्हणायला जागा कुठे होती?

दुपारी खाणावळीत टिमकी जागी होती, म्हणजे खाणावळीत सगळेच जागे झाले. मी कोपऱ्यातल्या एका टेबलाशी, भिंतीकडे तोंड करून तिला पाजलं. सासूबाई माझ्या पाठीमागे शाल पसरून उभ्या राहिल्या. भिंतीवर या शहराचं एक मोठं चित्र होतं: पूल, नदी, मनोरा, आणि एका कोपऱ्यात घुमट. त्या चित्रकाराने घुमट तपकिरी रंगवला होता. बाहेरून बघून रंगवला असणार. रंगीत काच बाहेरून बघण्यात काही अर्थ नसतो. ती काळपट, मळकी दिसते, जुन्या पत्र्याला जाळी मारल्यासारखी. ती आत उभं राहून बघायची, उजेड पलीकडे असताना.

पुलावर आम्ही सगळेच उतरलो. टिमकी जागी, प्रसन्न, पायातला मोजा काढून चावत होती. वाऱ्याने सासऱ्यांची टोपी उडाली, ती बघून ती इतकी खदखदून हसली की येणारे-जाणारे थांबले. नवऱ्याने घड्याळ बघितलं आणि मला डोळा घातला.

"जमलं," तो म्हणाला. "आता ही अशीच जागी राहिली पाहिजे फक्त."

मग आमची वरात निघाली. जन्मात पहिल्यांदा आम्ही सगळे मिळून टिमकीला जागं ठेवायचा प्रयत्न करत होतो. सासरे पुढच्या सीटवरून मागे वळून गाढवासारखं ओरडून दाखवत होते. सासूबाई टाळ्या वाजवत होत्या. मी तिच्या तळपायाला गुदगुल्या करत होते. आमच्या गाडीत इतका आवाज पहिल्यांदाच झाला असेल. आणि टिमकी आमच्याकडे एकेक करून बघत होती, ही सगळी माणसं आज कशी वेड्यासारखी करतायत अशा नजरेने, आणि मग ग्रंथालयाच्या चौकात गाडी वळता वळता तिने जांभई दिली, माझी करंगळी शोधली, धरली, आणि तिचा डोळा लागला.

सासऱ्यांचं गाढव अर्ध्यातच थांबलं.

ग्रंथालय चौकाच्या मधोमध होतं. भोवती गोल रस्ता, गोलाच्या बाहेर दुकानं, आणि एका बाजूला छत्रीखाली उभा ट्रॅफिक पोलीस. मी काचेला गाल लावून वर बघितलं. घुमट होता. काळा.

"एक फेरी मारतो," नवरा हळूच म्हणाला. "झोप कच्ची आहे. उठेलच आता."

एक फेरी झाली. ती उठली नाही.

"थांबवून बघू?" त्याने वेग कमी केला. भुवया हलल्या.

"अजून एक मार," सासूबाई म्हणाल्या.

त्या चौकाचं मला आता काहीही विचारा. फुलांचं दुकान, त्याच्या शेजारी चष्म्याचं, मग एक बंद शटर, त्याच्यावर कोणीतरी खडूने काढलेला मासा, मग बँकेची पायरी, तिच्यावर बसून आइस्क्रीम खाणारी दोन म्हातारी माणसं, मग पोलीस, मग परत फुलं. आणि प्रत्येक वेळी उजव्या हाताला तो काळा घुमट, सूर्य त्याच्या पलीकडे सरकत चाललेला. म्हणजे आत आत्ता सगळा उजेड माझ्या बाजूने पडत असणार, हे मला कळत होतं. फुटलेली बाजू पश्चिमेची होती. माझा पक्षी आत्ता पेटलेला असणार.

पोलीस आम्हाला ओळखायला लागला. आधी त्याने भुवया उंचावल्या. मग एकदा हात दाखवून गाडी जरा हळू करायला लावली आणि वाकून आत बघितलं. मी झोपलेल्या टिमकीकडे बोट केलं. त्याने लगेच स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं आणि आम्हाला पुढे काढून दिलं. पुढच्या फेरीला तर त्याने आमच्यासाठी एक बस थांबवली.

"चांगला माणूस आहे," सासरे म्हणाले. "बाळंतपणं बघितलेला दिसतोय."

"तुम्ही दोघं जाऊन या तोवर," नवरा त्यांना म्हणाला. "ही उठली की आम्ही येतोच."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "तुझा तो कुठे आहे म्हणालीस?"

"पश्चिमेकडे. वेलीवर. त्याची मान वळलेली आहे."

"फोटो काढून आणते," त्या म्हणाल्या, आणि दोघं उतरले.

आता गाडीत आम्ही तिघंच. फुलं, चष्मे, मासा, बँक, पोलीस. नवरा आरशातून माझ्याकडे बघत होता.

"चिडलीस?"

"नाही."

"उठेल गं. नेहमी अर्ध्या तासाने उठते."

"हो."

"उद्या सकाळी गाडी उशिराची असती तर..."

"सकाळी उजेड त्या बाजूला नसतो," मी म्हणाले.

त्याने आरशातून नजर काढली. त्याच्या मानेवर घामाची रेघ होती. सकाळपासून बघायला म्हणून तोही कुठे आत गेला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मनोऱ्याचा पायथा त्यानेही तेवढाच बघितला होता. मला त्याची कणव आली आणि त्याचाच राग आला, कारण कणव आली की तोंड उघडता येत नाही.

मी करंगळी हळूच फिरवून बघितली. मूठ आवळली गेली. एवढीशी ती मूठ, पण काय तिची पकड! तिच्या बोटांवर खळ्या पडल्या होत्या. ओठांवर दुधाचा पांढरा थेंब वाळला होता. तिच्याकडे बघताना मला नेहमी होतं तसं झालं, आतून वितळल्यासारखं, आणि तरीही नजर वर जात होती, काळ्या घुमटाकडे. दोन्ही एकाच वेळी. त्यातलं एकही खोटं नव्हतं.

सासू-सासरे बँकेच्या पायरीपाशी उभे दिसले. नवऱ्याने वेग कमी केला, ते चढले, दार कापसासारखं लागलं.

"बघितलात?" मी विचारलं.

"बघितला की," सासरे म्हणाले. "म्हणजे पक्षी पुष्कळ आहेत. हिरवेच सगळे. पण त्यातला एक तुझाच असणार."

सासूबाईंनी फोन पुढे केला. पहिल्या फोटोत सासऱ्यांचं कपाळ होतं. दुसऱ्यात एक खांब. तिसऱ्यात घुमट होता, पण उजेडाने सगळा पांढराफटक. पक्षी, वेल, काही नाही, नुसती चकाकी. मी बोटांनी तो मोठा करत गेले. मोठा केला तसा तो अजूनच पांढरा झाला.

"येत नाही का नीट?" सासूबाईंनी विचारलं.

"काचेचा फोटो असाच येतो. फार छान काढलात आई."

त्यांनी फोन परत घेतला नाही. मग, मला की स्वतःलाच कोण जाणे, कुजबुजत म्हणाल्या, "मी समुद्र पहिल्यांदा बघितला तेव्हा हा आत्ता गाडी चालवणारा माझ्या खांद्यावर ओकत होता. सगळे म्हणाले, काय लाटा, काय लाटा. मला अजून समुद्र म्हटलं की वास येतो फक्त."

"आई!" नवरा म्हणाला.

"ओकत होतास तर सांगू नको?" त्या माझ्याकडे वळल्या. "तिथे आत उभी राहिले ना, मान वर करून, तर सारखं वाटत होतं, मी बघून काय उपयोग? मला त्यातलं काय कळतंय? मी आपली खांब बघून आले."

फुलं गेली. चष्मे गेले. ग्रंथालयाच्या मोठ्या दारातून माणसं बाहेर पडायला लागली होती, आत जाणारं कोणी नव्हतं. दाराचा एक पल्ला लावलेला होता.

"अजून एक फेरी," नवरा म्हणाला. "आता नक्की—"

"थांबव."

ते मी म्हणाले. कुजबुजून नाही. टिमकी झाल्यापासून मी माझा आवाज असा, पुरता, छातीतून आलेला ऐकलाच नव्हता. तो गाडीत मावला नाही. सासऱ्यांचं डोकं काचेला आपटलं. नवऱ्याने करकचून ब्रेक मारला आणि मागून कोणीतरी भोंगा वाजवला.

टिमकीने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, म्हणजे ही कोण, असं बघितलं. एक क्षणभर काहीच नाही. मग टिमकी वाजली.

मी करंगळी ओढून घेतली. ती सुटताना तिची बोटं हवेत तशीच मिटली, हे मी बघितलं. दाराच्या कडीवर हात, आणि हात हलेना.

"अगं जा की!" सासूबाई ओरडल्या. चक्क ओरडल्या. एवढा खणखणीत आवाज त्यांना आहे हे मी विसरूनच गेले होते. "पळ! आम्ही काय मेलोय का इथे? तिघं आहोत तिघं!"

मी दार उघडलं. बाहेर पडले आणि ते माझ्या हातून धाडकन लागलं.

पोलिसाने हात आडवा करून रस्ता अडवला होता. मी पळाले. पायाला मुंग्या आल्या होत्या, त्यामुळे लंगडत, एका खांद्यावर दुधाचं फडकं तसंच. पायऱ्या चढेपर्यंत तिचं रडणं मागून ऐकू येत होतं, आणि ते ऐकून माझ्या अंगाला जे होतं ते झालंच. कुडता छातीशी ओला झाला. दारातला पहारेकरी दुसरा पल्ला ओढत होता.

"बंद झालं बाई."

"मला फक्त वर बघायचंय."

त्याने माझ्याकडे बघितलं, फडक्याकडे, ओल्या कुडत्याकडे. "बघा. मी दिवे बंद करून येईपर्यंत."

आत गेले. रडणं तुटलं. जाड भिंती होत्या.

मी मान वर केली.

वर पक्ष्यांची रांग होती, घुमटाभोवती गोल, एकामागोमाग एक, सगळे एकाच दिशेला तोंड करून, वेलीवरून फेरी घालत असल्यासारखे. मला शोधावं लागलं नाही. एकटाच मागे वळून बघत होता. त्याच्या मागून ऊन येत होतं आणि तो हिरवा मला आठवत होता तो हिरवा नव्हताच. टेबलावर तो बाटलीचा हिरवा होता. इथे तो आतून ओला होता, मानेपाशी पिवळा, पोटाशी गडद, आणि जिथे माझा हिरा सरकला तिथे, त्या चुकलेल्या वळणावर, सगळ्यात जास्त उजेड साठला होता. चुकलेली ती चुकलेलीच दिसत होती. त्याचं त्याला काही नव्हतं. मागच्या पक्ष्याला काहीतरी विचारत होता तो.

पहारेकऱ्याने एका बाजूचे दिवे बंद केले. पक्षी अजून उजळला.

तेव्हा मला दिसलं की त्याच्या शेजारच्या पानाला तडा गेलाय. बारीक, देठापासून टोकापर्यंत. तिथली शिशाची पट्टीही सैल वाटत होती. हे पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकायचं नाही, मी मनात म्हटलं, आधी पान उतरवून घ्यावं लागेल, त्या पिवळ्यात जरा कोवळी छटा लागेल, मास्तरांकडे ती भिंतीकडून तिसऱ्या खणात असते. आणि माझा हात वर गेला. अंगठा आणि दोन बोटं हिरा धरल्यासारखी जुळली आणि मी हवेत त्या पानाची कड कापली, देठाकडून, एका दमात, न थांबता. करंगळी बाजूला राहिली होती. तिच्यावर टिमकीच्या बोटांचे लाल वळ होते.

"बाई," पहारेकरी म्हणाला.

"आले."

बाहेर आले तेव्हा डोळ्यांपुढे हिरवा डाग नाचत होता. रस्त्यावर गाडी नव्हती. पायऱ्यांपाशी नव्हती, बँकेपाशी नव्हती. मी कडेला जाऊन उभी राहिले, फडकं हातात गुंडाळत, सोडत.

"पांढरी गाडी ना?" पोलीस छत्रीखालून म्हणाला. "येतेय. फेरीवर आहे."

आली. फुलांच्या दुकानाच्या मागून, हळूहळू, काठोकाठ भरल्यासारखी. मी हात वर केला. गाडी माझ्यासमोर आली, आणि थांबली नाही. नवऱ्याने स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नाइलाजाने मान हलवली. सासऱ्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मागच्या काचेत सासूबाई होत्या, अंग वळवून, मान अवघडलेली, आणि त्यांची करंगळी टिमकीच्या मुठीत. टिमकी झोपली होती.

दुसऱ्याच कोणाची करंगळी धरून झोपली होती.

सासूबाईंनी मोकळ्या हाताने काचेतून खूण केली, पक्ष्यासारखा हात हलवून: दिसला का? मी मान हलवली. दिसला. त्यांनी मग बोट गोल फिरवलं. अजून एक फेरी.

गाडी पुढे गेली. खडूच्या माशावरून, बँकेवरून. मी तिथेच उभी. माझ्या दोन्ही हातांत काही नव्हतं आणि ते कुठे ठेवायचे ते मला सुचत नव्हतं.

"आता काही थांबत नाही ती लवकर," पोलीस म्हणाला आणि छत्रीखाली जरा सरकला. "या, सावलीत उभ्या राहा."